ऊती

पाखऱ्या डोकं झाडतो, डावीकडे कलंडून,
कानात कुणी शिरलंय आणि निघत नाही तसं.
डाव्या नाकपुडीतून रक्ताचा बारीक धागा.
"आठ दिस झालं, असंच झाडलालाय की वो म्याडम."
म्हाळप्पा करजगे. वागदरीहून टेम्पोत आणलाय,
खाली कडबा, अंगावर जुनी चादर,
तिच्यावरचा मोर उसवलेला.

मी शिंगाच्या बुडाशी बोटं टेकवते.
उजवं थंड. डावं ऊन,
आणि हलतंय, दुधाच्या दातासारखं.
शब्द माझ्याकडे तयार आहे, पण आधी मी
फॉर्म काढते. शब्दापेक्षा फॉर्म सोपा.

वय? "सहादाती घेतला, गड्ड्याच्या बाजारात.
त्याला झाल्या चार कारहुणव्या."
जुवाला कुठल्या अंगाला? "डाव्या."
शिंगं साळता? "साळतो की. काचंनं."
रंग कुठला लावता?
इथं ते थांबले.
"ऑइल पेंट. निळा. नातीला निळा आवडतो.
का वो, त्यानं हुतंय का?"

ठाऊक नाही, म्हणाले.
कपाटात एकशे बारा फॉर्म आहेत,
मेणात बसवलेले एकशे बारा तुकडे,
आणि ऊन, दोरी, जू, रंग
यांतलं कुणीच अजून कबूल झालेलं नाही.

डोळ्यामागून शिंगाकडे हाडाच्या कडेखालून
एक नस जाते, बोटाला सुतळीसारखी लागते.
तिथं सुई. मग तारेची करवत,
एक टोक सोमनाथकडे, एक माझ्याकडे,
ये-जा, ये-जा, धोट्यासारखी.
शिंग सुटलं.
आणि कपाळाच्या पोकळीतून, त्या भोकातून,
वाफ आली. जानेवारीची सकाळ होती.
पाखऱ्या डोक्यातून श्वास घेत होता.
म्हाळप्पांनी टोपी काढली, आणि हातातच धरून ठेवली.

माझे नायना पूर्व भागात रंगखान्यात होते.
कोपरापर्यंत कधी लाल, कधी जांभळे.
हात बघून आठवड्याचा वार सांगते, अम्मा म्हणायची.
आता माझ्या नखांत तोच जांभळा बसलाय,
पेशींची केंद्रकं रंगवायचा. बाकी सगळं गुलाबी.
शाळेत बाई म्हणाल्या होत्या, ऊती म्हणजे विणलेलं,
तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटी हसले.
आमच्या घरी तेच चाललं होतं, दोन पाळ्यांत.
इथं भिंगाखाली मात्र
ताणा कुठला नि बाणा कुठला,
कळू नये इतकं कुणीतरी घाईनं विणलंय.

पाचव्या दिवशी मलमपट्टीला आले
तेव्हा म्हणाले, मला बी दावा.
डोळा लावला. "गोल गोल दिसलालंय. कांद्यागत."
आम्ही त्याला मोती म्हणतो, मी बोलून गेले,
आणि लगेच वाटलं, नको होतं बोलायला.
ते बराच वेळ बघत राहिले, श्वास धरून,
रुमालाखाली सौद्याची बोटं मोजावीत तसे.
"मोती कसला? भोवरा हाय ह्यो. खोटा भोवरा.
कपाळ बघितलं, पाठ बघितली, शेपूट चाचपलं,
शिंगाच्या आत कोन बघतंय वो बाजारात?"

शेरा, या रकान्यात मी ते लिहून ठेवलं.
साहेब विचारतील. विचारू देत.

जूनमध्ये फोन आला. उद्या कारहुणवी.
पाखऱ्या खातोय, एकाच बाजूनं खाजवून घेतोय,
"आन् रंग उरलालाय म्याडम. एका शिंगाला लावू का?"
हो नाही नि नाहीही नाही.
डब्यावर काय लिहिलंय, वाचून दाखवाल का?
"मला कुठलं येतंय. थांबा, पोरीला देतो."
मी कपाट उघडलं, पेन शोधलं.
पलीकडे ती एकेक अक्षर लावत होती,
मोठ्यानं, शाळेत वाचतात तसं,
आणि जोडाक्षराला अडली की पुन्हा पहिल्यापासून.